कॅरोल पेटमन यांचं ‘द सेक्शुअल कॉन्ट्रॅक्ट’: ओळीने वाचू नका

स्त्री-अभ्यासाच्या वाचनयादीत नाव दिसलं म्हणून राजकीय विचारवंत पेटमन यांचं हे पुस्तक उघडणारे बरेच जण दुसऱ्या प्रकरणात अडकतात. तिथे राजाची सत्ता बापाच्या सत्तेसारखी मानणारा फिल्मर आणि ते नाकारणारा तत्त्वज्ञ लॉक यांचा सतराव्या शतकातला वाद थेट मधूनच सुरू होतो. त्यामुळे आधी लॉकचा राज्यशासनावरचा दुसरा प्रबंध आणि त्याच शतकातला तत्त्वज्ञ हॉब्ज याच्या ‘लेव्हायथन’मधलं विसावं प्रकरण वाचून घ्या. मग पेटमनचं पहिलं, पाचवं, तिसरं आणि सहावं अशा क्रमाने जा. मनोविश्लेषक फ्रॉइडच्या आधाराने लिहिलेलं चौथं शेवटी वाचलं तरी चालतं. आठ प्रकरणांपैकी सर्वांत कमी पटणारं तेच.

१९८८ सालचं हे पुस्तक मुळात आज्ञाधारकतेबद्दल आहे. पेटमन सोळाव्या वर्षी शाळेबाहेर पडल्या, १९६३मध्ये ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात आल्या आणि १९७२पासून सिडनीत शिकवू लागल्या. १९७०च्या पुस्तकात त्यांनी कारखान्यातल्या लोकशाहीचा प्रश्न घेतला, १९७९मध्ये नागरिकाने राज्याचं का ऐकावं हा. इथे तोच धागा घरात शिरतो. सामाजिक कराराची, म्हणजे माणसांनी आपसांत करार करून राज्य उभं केल्याची, गोष्ट अर्धीच सांगितली जाते, असं त्या म्हणतात. बापाची सत्ता मोडणाऱ्या भावांनी स्त्रियांवरचा हक्क आपसांत वाटून घेतला, तो भाग गाळलेला असतो. हॉब्ज निसर्गावस्थेत, म्हणजे राज्य उभं राहण्याआधीच्या स्थितीत, मुलावर आईचा हक्क मानतो, पण कुटुंबाची व्याख्या करताना पुरुष, मुलं आणि नोकर एवढेच मोजतो. बायको कुठे गेली? पेटमन नेमकं तिथे बोट ठेवतात.

सर्वांत भक्कम युक्तिवाद श्रमाचा आहे. श्रमशक्ती माणसापासून सुटी करून विकता येत नाही, तिच्यासोबत माणूसही हजर व्हावा लागतो. म्हणून नोकरीचा काय, लग्नाचा काय, करार म्हणजे हुकमत मान्य करणं. मराठी वाचकाला इथे रखमाबाईंचा खटला आठवेल. नवऱ्याकडे नांदायला नकार दिल्याबद्दल तुरुंगात टाकणं इंग्लंडने १८८४मध्ये बंद केलं. मुंबईच्या न्यायालयाने मात्र १८८७मध्ये रखमाबाईंपुढे नांदणं किंवा सहा महिने कैद असाच पर्याय ठेवला.

तोटेही आहेत. वेश्याव्यवसायावरचं सातवं प्रकरण एकाच साच्यात सगळं बसवतं. त्या बायकांमधले फरक त्यात हरवतात. स्त्रीवादी तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांचा आक्षेपही याच जातीचा: मालक आणि दासी ही जोडी धरून आजची विषमता पुरती उलगडत नाही. कायद्याचे तपशीलही जुने झालेत. विवाहांतर्गत बलात्काराची सूट इंग्लंडमध्ये १९९१ साली संपली.

विकत घ्यायचं तर नवी प्रस्तावना असलेली २०१८ची आवृत्ती घ्या. वंशाचा प्रश्न हवा असेल तर तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स यांच्यासोबत लिहिलेलं २००७चं ‘कॉन्ट्रॅक्ट अँड डॉमिनेशन’ लगेच वाचा. त्यात दोघांचं जमत नाही, आणि तेच कामाचं आहे: मिल्स कराराची कल्पना दुरुस्त करून वापरू पाहतात, पेटमन ती टाकूनच द्या म्हणतात.