यूएनमधली पहिली नोकरी: जिनिव्हाची इंटर्नशिप की भारतातलीच जागा?

एम.ए. किंवा एम.एस्सी. संपत आलंय, गाठीला थोडाफार अनुभव आहे आणि संयुक्त राष्ट्रांत काम करायचं हे मनात पक्कं आहे. अशा मुलामुलींपुढे साधारण चार वाटा असतात: परदेशातली इंटर्नशिप, यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम म्हणजे वायपीपीची परीक्षा, यूएन व्हॉलंटिअर, आणि भारतातल्या कार्यालयांत निघणाऱ्या जागा. माझा कौल शेवटच्या दोन वाटांना आहे. पहिली वाट कुणासाठी खरंच चांगली, तेही सांगते.

आधी एक गल्लत दूर करू. यूपीएससी देऊन परराष्ट्र सेवेत गेलेला अधिकारी न्यूयॉर्कला बसतो तो भारताची बाजू मांडायला. यूएनच्या कर्मचाऱ्याला मात्र सनदेच्या कलम 100 नुसार कोणत्याही सरकारकडून, अगदी स्वतःच्या देशाकडूनही, सूचना घेता येत नाहीत. देशासाठी बोलण्यात ज्यांना धन्यता वाटते त्यांनी सदाशिव पेठेतला अभ्यास सोडू नये. दोन्ही कामं मोलाची आहेत, पण स्वभाव वेगळे लागतात.

आता इंटर्नशिप. यूएन सचिवालयाची इंटर्नशिप 2 ते 6 महिन्यांची असते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेले, पदव्युत्तर शिकणारे किंवा शिक्षण संपून वर्ष न झालेले तिला अर्ज करू शकतात. पगार नाही. विमान, व्हिसा, विमा, घरभाडं, सगळं आपल्याच खिशातून. 2015 मध्ये जिनिव्हात न्यूझीलंडचा एक इंटर्न भाडं परवडत नाही म्हणून तंबूत राहत होता आणि ती बातमी जगभर गाजली. युनिसेफ, यूएनडीपी (यूएनचा विकास कार्यक्रम), डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) या संस्था आता विद्यावेतन देतात, तरी जिनिव्हा किंवा न्यूयॉर्कचा खर्च त्यात आरामात भागेल अशी अपेक्षा ठेवू नका. मिळतं काय? ठरावाचा मसुदा कसा घडतो, एका शब्दावर देश किती वेळ अडून बसतात, हे जवळून दिसतं. आंतरराष्ट्रीय कायदा किंवा मानवी हक्कांचा अभ्यास करणाऱ्याला हे शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. पोषण, पाणी, शिक्षण, आपत्ती व्यवस्थापन यांत काम करायचं असेल, तर त्यासाठी आईवडिलांनी मुदत ठेव मोडावी असं मला अजिबात वाटत नाही. इंटर्नशिप संपल्यावर नोकरी मिळेल असा कुठलाही शब्द कुणी देत नाही.

यूएन व्हॉलंटिअर या नावामुळे घोटाळा होतो. फावल्या वेळची ही सेवा नव्हे. 1970 मध्ये आमसभेच्या ठरावानं सुरू झालेला, जर्मनीतल्या बॉनमधून चालणारा हा कार्यक्रम पूर्णवेळ कामाचा आहे. दरमहा निर्वाहभत्ता, आरोग्य विमा, रजा, सगळं मिळतं. 18 ते 26 वयाच्या युवांसाठी वेगळ्या जागा, 27 च्या पुढच्या अनुभवी लोकांसाठी वेगळ्या. काही नेमणुका आपल्याच देशात, काही परदेशात. भत्ता पगाराच्या तोडीचा नसतो, पण जबाबदारी खरी असते. जिल्ह्याचा डेटा तुमच्याकडे, जिल्हा परिषदेतली बैठक तुम्ही लावायची, अहवाल तुमच्या हातचा.

चौथी वाट त्याच्या शेजारूनच जाते. डब्ल्यूएचओचं दक्षिण-पूर्व आशियाचं प्रादेशिक कार्यालय दिल्लीत आहे, युनिसेफचं महाराष्ट्रासाठीचं कार्यालय मुंबईत. इथे नॅशनल ऑफिसर (त्या देशाच्या नागरिकांसाठीचं अधिकारीपद), सपोर्ट स्टाफ आणि कन्सल्टंट अशा जागा निघतात. खेड्यातल्या आशाताईंशी मराठीत बोलता येणं इथे उपयोगी पडतं. आंतरसरकारी संस्था म्हणजे फक्त यूएन असंही नाही. इंटरनॅशनल सोलर अलायन्सचं मुख्यालय गुरुग्रामला आहे, आणि तिच्याकडे आपल्या मुलांचं लक्ष फार कमी जातं. या वाटेची खोट अशी: नॅशनल ऑफिसरला बढती मिळून तो आपोआप आंतरराष्ट्रीय श्रेणीत जात नाही, तिथे बाहेरच्या उमेदवारासारखाच अर्ज करावा लागतो. कन्सल्टंटची स्थिती आणखी नाजूक. कंत्राट संपलं की काम संपलं, पेन्शन नाही. सही करण्याआधी कंत्राटाचा प्रकार नीट वाचा.

वायपीपी ही सगळ्यांत प्रतिष्ठेची वाट. ती थेट पी-1 किंवा पी-2 श्रेणीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय अधिकाऱ्यांच्या पहिल्या पायऱ्यांवर नेते. पण वय 32 पेक्षा जास्त नको आणि त्या वर्षीच्या यादीत आपला देश हवा. सचिवालयात ज्या देशांचं प्रतिनिधित्व कमी, त्यांचीच नावं यादीत येतात आणि दरवर्षी बदलतात. त्यामुळे अभ्यासाला बसण्याआधी यादी पाहा. परीक्षा पास झाल्यावरही नाव आधी निवडयादीत जातं, नेमणूक जागा रिकामी झाली तरच होते. अर्ज जरूर करा, पण आयुष्य तिच्यावर टांगून ठेवू नका. अर्थशास्त्र किंवा वित्त शिकलेल्यांनी जागतिक बँकेचा याच नावाचा कार्यक्रमही पाहावा. तो 1963 पासून चालू आहे. वयाची अट तिथेही 32, मात्र किमान मास्टर्स लागते. जेपीओ, म्हणजे ज्युनिअर प्रोफेशनल ऑफिसर, ही योजना मुख्यतः श्रीमंत देशांची सरकारं आपल्या नागरिकांसाठी पैसे मोजून चालवतात. भारतीय पासपोर्टवर ती जवळपास बंदच समजा.

सध्याचा काळ कठीण आहे, हे लपवून उपयोग नाही. 2025 मध्ये अमेरिकेनं निधी आखडता घेतला, डब्ल्यूएचओ, यूएनएचसीआर (निर्वासितांसाठीची संस्था), आयओएम (स्थलांतरासाठीची संस्था) यांनी माणसं कमी केली, आणि मार्चमध्ये यूएनचे सरचिटणीस गुटेरेश यांनी खर्च आणि रचना आटोपशीर करण्यासाठी यूएन80 हा उपक्रम जाहीर केला. पी-2 ला किमान दोन वर्षांचा, पी-3 ला पाच वर्षांचा अनुभव मागतात, आणि त्याच जागांना आता कामावरून कमी केलेले अनुभवी लोकही अर्ज करतात. माझा कौल व्हॉलंटिअर आणि भारतातल्या जागांकडे झुकतो त्याचं मोठं कारण हेच. जिल्ह्यात दोन वर्षं घातलेल्या माणसाचं कौशल्य यूएनबाहेरही विकलं जातं, राज्य सरकारच्या प्रकल्पात आणि मोठ्या स्वयंसेवी संस्थेतही.

ते अर्जात दिसलं मात्र पाहिजे. 'पोषण सर्वेक्षणात सहभाग घेतला' या वाक्यावर कुणाची नजर थांबत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'पालघरमधल्या 12 अंगणवाड्यांतल्या वजन-उंचीच्या नोंदी तपासल्या, मोजपट्टी चुकीची धरल्यानं नोंदी बिघडतात हे दाखवून दिलं, सेविकांसाठी मराठीत दोन पानी सूचना तयार केल्या.' काय केलं, कसं केलं, त्यातून काय निघालं. मुलाखतीतही प्रश्न याच धाटणीचे असतात: अमुक प्रसंगी तुम्ही स्वतः काय केलंत? इंटर्नशिपच्या तीन महिन्यांत अशी उत्तरं फारशी जमा होत नाहीत.

भाषेचंही आत्ताच ठरवा. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकायची जुनी रीत आहे, पण यूएनच्या सहा अधिकृत भाषांत जर्मन नाही. आलियाँस फ्राँसेजमध्ये फ्रेंच सुरू केलीत तर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जागा खुल्या होतात, आणि तिथे इंग्रजीवरच अवलंबून असलेला उमेदवार मागे पडतो.

वय 24-25 असेल तर आधी देशातली व्हॉलंटिअरची नेमणूक घ्या, संध्याकाळी फ्रेंच शिका आणि भारत यादीत असेल त्या वर्षी वायपीपीचा अर्ज भरा. तिशी ओलांडली असेल तर थेट नॅशनल ऑफिसरच्या जागा पाहा. आणि अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण यांपैकी कशासाठीही कुणी पैसे मागितले तर ते पत्र खोटं आहे. यूएन भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर फी घेत नाही.