डे ऑफ द टेंटॅकल रीमास्टर्ड : काही महिने खेळल्यानंतरचं मत

रीमास्टर म्हटलं की माझ्या कपाळावर आधी आठी पडते. जुन्या गेमला रंग फासायचा आणि त्याच मालाचे पुन्हा पैसे घ्यायचे, हा उद्योग बराच चालतो. हा गेम सेलमध्ये घेतला तोही त्याच शंकेने. पण आधी एकट्याने पुरा केला, मग गेम बनवणाऱ्यांची कॉमेंट्री ऐकत खेळलो आणि आता सातवीतल्या भाचीला घेऊन बसतोय. त्यामुळे चार शब्द लिहायला हरकत नाही.

मूळ गेम 1993 चा, लुकासआर्ट्स कंपनीचा, गोष्टीतली कोडी सोडवत पुढे जायचा. केला टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांनी. 2016 मध्ये शेफरच्याच डबल फाइन या कंपनीने तो नव्याने आणला. टेंटॅकल म्हणजे इथे चालती-बोलती सोंड, आणि त्यातल्या जांभळ्या टेंटॅकलला जग जिंकायचंय. त्याला अडवायला निघालेले तिघं टाइम मशीनच्या घोळात विखुरतात : होगी 200 वर्षं मागे, लव्हर्न 200 वर्षं पुढे आणि बर्नार्ड इथेच. टाइम मशीन म्हणजे चक्क फिरती शौचालयं. एकमेकांना वस्तू पाठवायची ती फ्लश करून. भाचीला गेम पटला तो इथेच.

मूळ चित्रं 320 बाय 200 पिक्सेलची. ती नुसती ताणून मोठी केलेली नाहीत, नव्याने काढली आहेत. गोष्ट जिथे घडते तो वाकड्या दारांचा, तिरक्या खिडक्यांचा वाडा आता जुन्या कार्टूनसारखा स्वच्छ दिसतो. माझ्या डोळ्यांना मात्र काही ठिकाणी जरा जास्तच स्वच्छ. पिक्सेलच्या दाण्यांमुळे भिंतींना जो खरखरीतपणा असायचा, तो सपाट रंगात गेला. पण तक्रार करायला जागा ठेवलेली नाही, कारण एक बटण दाबलं की जुनं चित्र हजर. बर्नार्डने पाय उचललाय तेव्हा दाबून बघा, त्याच पावलावर 1993 चा बर्नार्ड उभा असतो. भाचीने पहिल्या दिवशी खेळ कमी आणि हेच जास्त केलं.

यातली खरी हुशारी अशी की चित्रं, आवाज आणि क्रियापदांची मांडणी या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या बदलता येतात. मंकी आयलंड या लुकासआर्ट्सच्याच जुन्या गेमच्या 2009 च्या स्पेशल एडिशनमध्ये जुन्या चित्रांवर गेलात की नवे संवादही गायब व्हायचे. दुसऱ्या भागात ते सुधारलं. इथे हवी ती भेळ करा. मी नवा आवाज, नवी मांडणी आणि जुनी चित्रं यावर स्थिरावलोय.

मांडणीबद्दल थोडं. पूर्वी पडद्याच्या तळाशी नऊ क्रियापदं असायची : उघड, ढकल, दे, बोल वगैरे. आता वस्तूवर क्लिक केलं की गोल मेनू येतो आणि त्यात लागू पडतील तेवढेच पर्याय दिसतात. सुटसुटीत आहे, नव्या माणसाला हेच बरं. पण जे करण्यात अर्थ नाही तेच करून बघायचं आणि बर्नार्डचं उत्तर ऐकायचं, ही गंमत त्यात कमी होते.

कोड्यांना हात लावलेला नाही, आणि माझ्या मते रीमास्टरने केलेलं सर्वांत चांगलं काम हेच. एक सांगतो, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडा. भविष्यात लव्हर्नला हॅमस्टर लागतो. तो आजच्या काळात बर्फात ठेवायचा, म्हणजे 200 वर्षांनी गोठलेला सापडतो. मायक्रोवेव्हमध्ये वितळवला तरी कुडकुडतोच. त्याला स्वेटर कुठला? बर्नार्डने कपडे वाळवायच्या यंत्रात भरपूर नाणी टाकून स्वेटर ठेवायचा. दोनशे वर्षं गरगरून तो हॅमस्टरच्या मापाचा आटतो! हे भाचीने स्वतः ओळखलं तेव्हा खुर्चीवर उभी राहिली होती. गेममध्ये मरण नाही, चुकून कायमचं अडकणंही नाही, त्यामुळे आजच्या मुलांनाही तो जाचक वाटत नाही. मात्र इशारे देणारी सोय नाही. बटण दाबून हाताळण्याजोग्या वस्तू उजळतात, तेवढीच मदत.

अडचण आपल्याकडच्या खेळाडूला होते ती वेगळीच. होगीच्या काळात जॉर्ज वॉशिंग्टन, जेफरसन, हॅनकॉक ही मंडळी अमेरिकेची राज्यघटना लिहीत बसलेली आहेत. वॉशिंग्टनने लहानपणी चेरीचं झाड तोडलं, ही अमेरिकेत पोराटोरांना माहीत असलेली दंतकथा. ती ठाऊक नसेल तर एक महत्त्वाचं कोडं निव्वळ अंदाजाने सोडवावं लागतं. भाचीला ती गोष्ट मी आधीच सांगून टाकली. तुम्हीही सांगा, त्याने मजा जात नाही.

कॉमेंट्री पहिल्या फेरीत लावू नका, कोडी फुटतात. दुसऱ्यांदा खेळताना मात्र सोडू नका. वाड्यातल्या एड या पात्राच्या कॉम्प्युटरवर याच्या आधीचा गेम, 1987 चा मूळ मॅनिॲक मॅन्शन, अख्खा खेळता येतो, तो जसाच्या तसा ठेवलाय. त्यात पात्रं मरतात, म्हणून सेव्ह करत राहा. हिंदी-मराठी सबटायटल्स नाहीत. संवाद भराभर जातात, तेव्हा मुलांबरोबर खेळत असाल तर इंग्रजी सबटायटल्स चालूच ठेवा.