शारजाची नोकरी, दुबईचं लायसन्स आणि माझे २,२०,५०० रुपये

दोन लाख वीस हजार पाचशे. आखातात फार्मासिस्टची नोकरी लावतो म्हणणाऱ्या एका एजंटनं माझे एवढे पैसे बुडवले. आकडा पुरता लिहिते, कारण गल्लीत जो तो आपापल्या मनानं त्यात भर घालतोय. नोंदणीचे १५,००० रोख. डेटाफ्लो (म्हणजे डिग्री-अनुभवाच्या कागदांची पडताळणी) आणि लायसन्सच्या परीक्षेचे ४८,००० ऑनलाइन. व्हिसाचे १,२०,००० रोख, ते आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उसाच्या बिलातले. मेडिकल तपासणी आणि तिकिटाचे ३७,५००, ते पतसंस्थेतून उचललेले. पावती फक्त पहिल्या १५,०००ची, आणि तिच्यावर नुसतं 'कन्सल्टन्सी' लिहिलंय.

मी बी.फार्म. आहे, रजिस्टर्ड फार्मासिस्ट आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत एका मेडिकल दुकानात सहा वर्षं काउंटर सांभाळला, पगार १६,५००. 'एवढी शिकलेली असून फसलीस कशी?' असं ज्यांना विचारायचंय त्यांनी आधी या पगारात घर चालवून दाखवावं. मी हाव धरली नव्हती. आपल्याकडचे फार्मासिस्ट आखातात खरोखर जातात. माझ्याच बॅचचे दोघं रीतसर परीक्षा देऊन, लायसन्स काढून गेलेत. एजंटही कुणी परका वाटला नाही. स्टेशन रोडला पहिल्या मजल्यावर ऑफिस, भिंतीवर पासपोर्ट धरलेल्या पोरांचे फोटो, आणि आमच्या गावच्या सोसायटीच्या चेअरमनला नावानं ओळखणारा माणूस. आण्णा तिथंच विरघळले.

एक गोष्ट मात्र मला रात्री झोपू देत नाही. ऑफर लेटर व्हॉट्सॲपवर आलं तेव्हा संध्याकाळची गर्दी होती. एक आजोबा बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी धरून समोर उभे होते आणि मी काउंटरखाली मोबाईल धरून ते लेटर मोठं करून वाचत होते. पगार ५,५०० दिरहम, राहणं फुकट. कामाचं ठिकाण शारजा. आणि त्याच्याच खालच्या ओळीत, लायसन्स: डीएचए. डीएचए म्हणजे दुबईचं आरोग्य खातं, ते फक्त दुबईपुरतं. अबू धाबीचं खातं वेगळं, आणि शारजाला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं लायसन्स लागतं. हे मला माहीत होतं! माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "अवो ताई, सगळं एकच असतंय. तिकडं गेल्यावर बदलून मिळतंय." आणि मी गप्प बसले. आजोबांना गोळ्या दिल्या, सुट्टे दिले, आणि दुसऱ्या दिवशी आण्णांना बँकेत पाठवलं. त्या एका ओळीवर अडून बसले असते तर निदान १,५७,५०० वाचले असते.

डेटाफ्लोचंही तसंच. तो म्हणे, "झालं, पॉझिटिव्ह आलं." अहो, पडताळणी झाली असेल तर विद्यापीठाकडे, फार्मसी कौन्सिलकडे, जिथं काम केलं तिथं विचारणा होते. आमच्या मेडिकलच्या मालकांना मी विचारलं, काका म्हणाले, काही मेल आला नाही. केस नंबर मागितला तर 'सर्व्हर डाऊन'. डेटाफ्लोची फी स्वतः, स्वतःच्या नावानं भरा. लॉगिन आणि पासवर्ड कुणाच्या हातात देऊ नका. प्रोमेट्रिकची, म्हणजे लायसन्ससाठीची कॉम्प्युटरवरची, परीक्षा भारतातल्या सेंटरवर देता येते, "तिकडं गेल्यावर बघू" म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून तिथंच उठा.

व्हिसाची कॉपी आली ती मी यूएईच्या सरकारी साइटवर पासपोर्ट नंबर टाकून तपासली. रेकॉर्डच नाही. दोन दिवसांनी ऑफिसला कुलूप, फोन बंद.

आता पोलिसांचं ऐका. पहिल्या दिवशी तीन तास बाकावर बसवलं आणि सांगितलं, "हा पैशाचा व्यवहार आहे, कोर्टात जावा." दुसऱ्यांदा गेले तर, ऑनलाइन पैसे दिलेत ना, मग सायबरला जावा. सायबरवाले म्हणाले, बरीचशी रक्कम रोख आहे, ठाण्यात जावा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तिथं तक्रार घेतली, पण पैसे जाऊन दोन महिने झालेले. त्याच्या खात्यात काही उरलं नव्हतं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा अर्ज घेतला, एफआयआर नाही. एक हवालदार आण्णांच्या तोंडावर म्हणाला, "पोरीला परदेशात पाठवायची घाई कुणी केली होती?" आण्णांनी आयुष्यात कधी ठाण्याची पायरी चढली नव्हती. ते बाहेर येऊन गाडीवर बसले आणि किती तरी वेळ चावीच लावली नाही. चोर मोकळा, आणि मान खाली घालायची आम्ही?

१९८३च्या एमिग्रेशन कायद्यानं परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटला केंद्र सरकारची नोंदणी लागते. नोंदणी असलेल्यांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही बघता येते. सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० आणि वर जीएसटी, म्हणजे ३५,४००. यूएईच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायलाच बंदी आहे. आमच्या एजंटकडं नोंदणी नव्हतीच. मग हा माणूस भर स्टेशन रोडला बोर्ड लावून बसतो आणि कुणीच विचारत नाही?

ठाण्यानं नोंद घेतली नाही तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली एसपींकडे (पोलीस अधीक्षकांकडे) लेखी तक्रार जाते, आणि तिथंही दाद मिळाली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे. हे मला ठाण्यात कुणी सांगितलं नाही, एका वकीलताईंनी सांगितलं. अर्ज दिला की आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

त्याच ऑफिसात पैसे भरलेले अजून तिघं मला सापडलेत: कागलचा एक, इचलकरंजीच्या दोघी. बुधवारी आम्ही चौघं एसपी ऑफिसला जाणार आहोत. तुमचेही पैसे तिथं गेले असतील तर लाजू नका, या. पावती नसली तर चॅटची प्रिंट काढून आणा, आणि बँकेतून शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या.