जाळीवाला फ्युएल टेस्टर जार: दोन पावसाळे वापरून झाल्यावर

सीपीएलचं (कमर्शियल पायलट लायसन्स) ट्रेनिंग चालू आहे, खानदेशातच, म्हणून इथल्या हवेच्या हिशोबानं लिहितोय. उडायच्या आधी विमानाच्या टाकीतलं थोडं पेट्रोल काढून त्यात पाणी-कचरा आहे का ते बघायला आधी माझ्याकडं तो साधा बारीक कप होता, सगळ्या स्टुडंटच्या खिशात असतो तो. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ ला टेकतो, त्या उन्हात पडून पडून त्याचं प्लास्टिक पिवळं पडलं आणि खरा घोळ तिथंच आहे, कारण आमच्या विमानाचं १००एलएल पेट्रोल (एव्हीगॅस) असतं निळं आणि पिवळ्या कपातून निळं बघितलं की हिरवट दिसतं! रंग ही पहिली खूण, तीच गेली तर कप कशाला पाहिजे.

पण कप बदलला तो त्यामुळं नाही. जुलैमधे रात्रभर झड लागलेली, आमचं सेस्ना १७२ विमान बाहेरच बांधलेलं. सकाळी डाव्या पंखाखालचा ड्रेन (टाकीतलं पेट्रोल काढायचा छोटा व्हॉल्व्ह) दाबला, कप भरला, वर धरून बघितला तर एकदम स्वच्छ, खाली पाण्याची रेष नाही, थेंब नाही. मी "क्लीन आहे सर" म्हणून पुढं निघालो तर सर म्हणे, "अरे थांब, निळं कुठंय?" पूर्ण कप पाण्याचा होता. वर पेट्रोल असेल तर रेष दिसणार ना, सगळंच पाणी असल्यावर रेष कुठून येणार. सरांनी दोन बोटं बुडवून दाखवली, पेट्रोल असतं तर गार लागून लगेच उडून गेलं असतं, हे तसंच ओलं राहिलं. मग पंख हलवले, थांबलो, परत काढलं, परत पाणी. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं निघालं, त्या दिवशी फ्लाइट रद्द. ते पाणी टेकऑफला इंजिनात गेलं असतं तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

त्याच आठवड्यात हा जार मागवला. मोठा आहे, बरंच पेट्रोल मावतं, त्यामुळं पाणी आलंच तर वर पेट्रोलही येतं आणि मधली रेष ठळक दिसते. आमच्या अप्पांना दाखवला तर ते म्हणे हे तर आपलंच, केळीच्या मळ्यात ऑईल इंजिन चालवायचे तेव्हा डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरून बघायचे. तत्त्व तेच, एव्हीगॅस लिटरला साधारण ७२० ग्रॅम भरतं आणि पाणी किलोभर, म्हणून पाणी तळाला.

जाळीचं काम असं की ओतताना पेट्रोल पार होतं आणि पाणी-कचरा आत राहतो, म्हणजे काढलेलं पेट्रोल टाकीत परत टाकता येतं. नवीन १७२एस ला १३ ड्रेन आहेत, दोन्ही पंखाखाली ५-५ आणि नाकाखाली ३, रोज सकाळी एवढं पेट्रोल जमिनीवर फेकायचं म्हणजे जिवावर येतं. २०२२ पर्यंत एव्हीगॅस बाहेरूनच यायचं, आता इंडियन ऑईल बडोद्याला बनवतं, तरी स्वस्त नाहीच. फक्त प्रत्येक ड्रेननंतर थांबून बघा, १३ चं एकत्र करून शेवटी बघितलं तर पाणी कुठल्या टाकीतलं ते कळणारच नाही.

आणि एक, जाळी पाणी अडवते, जेट फ्युएल (जेट विमानांचं रॉकेलसारखं इंधन) नाही अडवत. ते पेट्रोलमधे विरघळून जातं आणि पिस्टन इंजिनात गेलं की डेटोनेशन (इंधन आत एकदम स्फोटासारखं जळणं) होऊन इंजिनाची वाट लागते. थोडं मिसळलेलं असेल तर रंगावरूनही समजत नाही. त्याला पांढरा कागद, एक थेंब टाकायचा, एव्हीगॅस उडून जातं, जेट असेल तर तेलकट डाग राहतो, भज्याच्या कागदावर राहतो तसा. टँकर आला की मी हे करतोच. शंका असेल ते सॅम्पल जाळीतून गाळून सुद्धा टाकीत टाकू नका.

तक्रारी दोन. जारची ड्रेन दाबायची पिन वाकडी आली, त्यामुळं दाबताना पेट्रोल मनगटावरून कोपरापर्यंत यायचं, विकणाऱ्याला तीन मेसेज केले, उत्तर नाही, शेवटी हँगरमधल्या मेकॅनिक दादांनी सरळ करून दिली. दुसरं, झाकण घट्ट बसत नाही, बॅगेत ठेवला तर लॉगबुकला वास लागतो, म्हणून मी वेगळ्या कापडी पिशवीत सावलीत ठेवतो. दोन उन्हाळे काढूनही अजून काचेसारखा पारदर्शक आहे.

पाचपैकी चार. घेताना पिन सोबत येते का ते विचारून घ्या भो, काही जण ती वेगळी विकतात.