लाजऱ्या नायिकेचा हरवलेला र : मराठी प्रेमकथा ई-पुस्तक म्हणून स्वतः प्रकाशित करण्याचा काही महिन्यांचा अनुभव

सावंतवाडीच्या एका वाचकाने माझ्या कादंबरीला पाचपैकी दोन तारे दिले आणि खाली लिहिले, ‘कथा बरी आहे, पण लेखिकेला चेहऱ्यावर हा शब्दसुद्धा शुद्ध लिहिता येत नाही.’ जिची सगळी नोकरी फोंडा तालुक्यातल्या मुलांच्या वह्यांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात गेली, तिला हे वाचून काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. कथा फसली असे कोणी म्हटले असते तर मी मुकाट्याने मान्य केले असते, कारण प्रेमकथा एकाला गोड लागते आणि दुसऱ्याला मिळमिळीत. शुद्धलेखनाचा आरोप मात्र मी सहन करणार नव्हते. त्याच्या मुळाशी जाता जाता या व्यवहाराच्या ज्या खाचाखोचा मला कळल्या, त्या येथे लिहीत आहे.

खाते कसे उघडायचे, मुखपृष्ठ कसे चढवायचे, मानधनाची टक्केवारी कशी ठरते, हे सर्व आता बहुतेकांना ठाऊक आहे. ज्या संकेतस्थळावर मी पुस्तके ठेवली त्याचे नाव मी लिहीत नाही; तिथले दोष इतरत्रही भेटतात असे माझ्या ओळखीच्या लेखिका सांगतात. प्रतिलिपीसारख्या ठिकाणी कथा भागाभागाने टाकून वाचक जोडण्याची पद्धत निराळी आहे. मला पूर्ण कादंबरी एकसंध, स्वतः ठरवलेल्या किमतीला विकायची होती. पावसाळ्याच्या तोंडावर मी पहिले पुस्तक चढवले आणि दिवाळीपर्यंत आणखी काही.

ही पुस्तके आजची नाहीत. पूर्वी दिवाळी अंकांसाठी लिहिलेल्या दीर्घकथा मी पुढे वाढवल्या आणि त्या म्हापशाच्या एका डीटीपीवाल्याकडून जुळवून घेतल्या होत्या. त्या काळी सगळे काम पेजमेकरमध्ये आणि जुन्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये होत असे. त्या फॉण्टचा संच संगणकावर नसेल तर मराठी मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना सांगायला नको. छापण्याचा विचार तेव्हा केला होता. पण मुद्रकाने सांगितलेला आकडा ऐकून, आणि गोव्याच्या पावसात पलंगाखाली ठेवलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांचे बुरशी आणि वाळवी काय करतात हे शेजारच्या कवींच्या घरी पाहून, मी तो नाद सोडला होता. ई-पुस्तकाला गठ्ठा नाही आणि भांडवलही नाही, एवढ्यावरच मी खूश होते. एका मोफत परिवर्तकातून जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, आणला, एकदा वाचला, संकेतस्थळाच्या पूर्वदर्शनात पाने उलटून पाहिली आणि प्रकाशनाचे बटण दाबले.

पूर्वदर्शनात सर्व काही ठीक दिसत होते. वाचकाच्या फोनवर मात्र माझ्या नायिकेच्या ‘चेहर्यावर’ हसू उमटत होते, ती ‘किनार्यावर’ उभी राहत होती आणि ‘वार्याने’ तिचे केस उडत होते. र चा पाय मोडून पुढे य किंवा ह आला की मराठीत तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो: सूर्य, धैर्य, सौंदर्य यांत डोक्यावर रफार चढतो, तर चेहऱ्यावर, दुसऱ्या, तऱ्हा यांत तोच र पापणीसारख्या आडव्या रेघेने पुढच्या अक्षराला चिकटतो. माझ्या पुस्तकातल्या सगळ्या पापण्या गळून त्यांच्या जागी रफार चढले होते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा रेघेचे काय घेऊन बसलात. त्यांनी एखादी मराठी प्रेमकथा उघडून मोजून पाहावे. पाककृतींच्या किंवा शेअर बाजाराच्या पुस्तकात हा र क्वचित भेटत असेल. प्रेमकथेचा तर संसारच त्याच्यावर चालतो. नायिका लाजऱ्या किंवा हसऱ्या डोळ्यांची असते, नायकाच्या चेहऱ्यावर काही ना काही उमटत असते, साऱ्या जगाचा विसर पडतो, खऱ्या प्रेमाची परीक्षा होते, मधे दुसऱ्याच कोणाशी लग्न ठरते आणि शेवटी होणाऱ्या नवऱ्याला सत्य कळते. त्यात माझी कथा गोव्याची, म्हणजे किनाऱ्यावरून तिची सुटका नाही. नायिका सत्तरीच्या डोंगरातली आणि नायक समुद्रकाठचा असल्यामुळे पुस्तकात दऱ्याही आहेत आणि दर्याही आहे. एका प्रकरणात ती दोघे ‘दर्या ओलांडून’ तिच्या मामाच्या गावी पायी जातात, असा चमत्कार वाचकांना वाचावा लागला.

मी मदतकेंद्राला लिहिले. पहिले उत्तर आले ते इंग्रजीत, दिलगिरी व्यक्त करणारे आणि बहुधा माझे पत्र न वाचता पाठवलेले. त्यात मला दुसरा फॉण्ट वापरून पाहण्याचा सल्ला होता. फॉण्ट बदलला, फरक पडला नाही. मग त्यांनी पडद्याची छायाचित्रे मागितली. मी लाल वर्तुळे काढून ती पाठवली. त्यावर दुसऱ्या कोणी तरी कळवले की मजकूर त्यांच्याकडे ‘वाचनीय’ दिसतो आहे आणि तक्रार सोडवली असे समजून बंद करण्यात येत आहे. वाचनीय तर तो होताच; नायिकेच्या डोक्यावर चप्पल ठेवली तरी ती ओळखू येतेच. मी तक्रार पुन्हा उघडली, त्यांनी ती पुन्हा बंद केली, आणि हा खेळ श्रावण संपेपर्यंत चालला. या टप्प्यावर कोणी मत विचारले असते तर मराठी माणसाने या वाटेला जाऊच नये, असे मी ठासून सांगितले असते.

मत बदलले ते माझ्या भाचीमुळे. ती पणजीत संगणकाचे काम करते. चतुर्थीला घरी आली तेव्हा तिने पुस्तक चाळले आणि म्हणाली, ‘मावशी, शेवटच्या तीन प्रकरणांत हा घोळ कुठेच नाही. ती कुठे लिहिलीस?’ ती प्रकरणे मी नव्याने, थेट फोनवर बोलून लिहिली होती. (बोलून लिहिण्याची सोय उत्तम आहे, पण सासूबाई पलीकडच्या खोलीत जाग्या असताना मीलनाचा प्रसंग मोठ्याने सांगणे जमत नाही, त्यामुळे माझ्या या प्रकरणांतले प्रेम बरेच संयमी झाले आहे.) म्हणजे एकाच संकेतस्थळावर, एकाच पुस्तकात, नवा मजकूर शुद्ध आणि जुना अशुद्ध होता. दोष केवळ त्यांचा असता तर असे झाले नसते.

तिने दोन्ही मजकूर अक्षर-अक्षर फोडून दाखवले तेव्हा उलगडा झाला. युनिकोडमध्ये हा पापणीचा र दोन मार्गांनी लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, ज्याचा क्रमांक ०९३१ आहे, त्याचा पाय मोडून. दुसरा जुना मार्ग म्हणजे साधा र, हलन्ताचे चिन्ह आणि त्यामागे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे, डोळ्यांना न दिसणारे, शून्य रुंदीचे चिन्ह. दोन्ही मार्ग प्रमाणात मान्य आहेत आणि पडद्यावर दोन्हींचे रूप सारखेच दिसते. माझ्या परिवर्तकाने दुसरा मार्ग धरला होता. संकेतस्थळाची यंत्रणा पुस्तक विक्रीला लावताना मजकुराची जी साफसफाई करते, तिच्यात ही अदृश्य चिन्हे केरासारखी झाडली जातात, आणि आधार गेलेला र बिचारा नियमानुसार रफार होऊन डोक्यावर चढतो. पूर्वदर्शन झाडलोटीच्या आधीचे, म्हणून ते निर्दोष दिसत होते.

तेव्हा माझा राग निम्मा परिवर्तकाकडे वळला. निम्माच, कारण जे चिन्ह मराठीत अर्थ बदलते ते कचरा समजून काढणे हा संकेतस्थळाचा दोष आहेच, आणि विक्रीला लागणारे रूप पूर्वदर्शनात न दाखवणे हा त्याहून मोठा.

उपाय सोपा निघाला. मूळ फाईलमध्ये ती अदृश्य चिन्हे शाबूत होती, म्हणून लिब्रे ऑफिस या लेखनप्रणालीच्या ‘शोधा आणि बदला’ या सोयीने ‘र, हलन्त आणि जोडणारे चिन्ह’ हा गट शोधून त्या जागी पायमोडका ऱ बसवला. शोधाच्या चौकटीत ते चिन्ह टाइप करता येत नसेल तर मूळ फाईलमधल्या तशा एखाद्या शब्दातून हा गट नक्कल करून तिथे डकवावा. ज्यांनी मूळ फाईल फेकून दिली आहे आणि केवळ झाडलेला मजकूर शिल्लक आहे, त्यांची मात्र कठीण परिस्थिती आहे, कारण मग सूर्य, कार्य, मर्यादा, आश्चर्य यांना धक्का न लावता एकेक शब्द डोळ्यांनी तपासण्यावाचून गत्यंतर नाही. नव्याने लिहिणाऱ्यांनी इनस्क्रिप्ट कळफलक वापरावा. त्यात र च्या कळीवर शिफ्ट दाबले की ऱ उमटतो आणि पुढचा सारा प्रश्नच मिटतो.

दुरुस्त फाईल चढवल्यावर ती दुसऱ्या दिवशी विक्रीला लागली, हे मान्य केलेच पाहिजे. छापील पुस्तकात अशी चूक राहिली असती तर शुद्धिपत्राची चिठ्ठी डकवत बसावे लागले असते. पण ज्यांनी आधी पुस्तक घेतले होते त्यांच्या फोनवर जुनेच पुस्तक राहिले. ते त्यांनी स्वतःहून नव्याने उतरवून घ्यावे लागते, आणि तशी सूचना मी त्यांना पाठवू शकत नाही, कारण ग्राहक माझे नसून संकेतस्थळाचे आहेत. माझे सर्वांत उत्साही वाचक, म्हणजे पहिल्या आठवड्यातच पुस्तक घेणारे, अजूनही ‘चेहर्यावर’ वाचत असतील या विचाराने मला आजही चीड येते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते. सुंदर दिसावा म्हणून फाईलमध्ये फॉण्ट बसवू नये. फाईल फुगते, जिथे आकारानुसार मानधनातून वजावट होते तिथे त्याचे पैसे आपल्याच खिशातून जातात, आणि बहुतेक वाचक तरीही आपल्या आवडीचा फॉण्ट लावून वाचतात. फाईलच्या माहितीत भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी. ती ‘हिंदी’ राहिली तर मराठी वळणाचे ल आणि श येण्याची शक्यता असलेल्या फॉण्टमध्येही ते हिंदी वळणाने येतात. मुखपृष्ठासाठी मी एक पैसा खर्च केला नाही. चोडणच्या फेरीबोटीतून संध्याकाळी भाचीने काढलेले मांडवीचे छायाचित्र घेतले आणि वर मोठ्या अक्षरांत नाव घातले. विकतच्या छायाचित्रांतली ती गोरी परदेशी जोडपी म्हार्दोळच्या देवळातल्या जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेत भेटणाऱ्या माझ्या नायक-नायिकेच्या कथेवर चिकटवणे मला प्रशस्त वाटले नाही.

आनंदही अनपेक्षित ठिकाणाहून आला. विक्रीचा तक्ता रोज पाहता येतो, आणि मालिकेतले पहिले पुस्तक घेणाऱ्यांपैकी बरेच जण दोन-तीन दिवसांत दुसरे घेतात हे त्यातून कळते. दिवाळी अंकात कथा छापून आल्यावर संपादकांचे पोस्टकार्ड यायचे. वाचकाने पान उलटले की नाही हे मात्र कधीच कळायचे नाही. टोपणनावाने लिहीत असल्यामुळे गावात कोणाला पत्ता नाही, आणि देवळात भेटणाऱ्या वहिनी मला त्याच पुस्तकातली भानगड रंगवून सांगतात तेव्हा मी नवल वाटल्यासारखे ऐकते.

कराची एक गोष्ट काटकसरी लेखकांनी लक्षात ठेवावी. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकावरचा कर जुलै २०१८ मध्ये १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला, पण तो मुद्रित आवृत्ती असलेल्या पुस्तकांपुरताच. केवळ ई-पुस्तक म्हणून जन्मलेल्या कादंबरीला ही सवलत लागू होत नाही, आणि कर किमतीत धरला काय किंवा वर लावला काय, तो शेवटी वाचक आणि लेखिका यांच्यातच वाटला जातो. ज्या छपाईच्या खर्चाला मी घाबरून पळाले होते, तिच्याकडे या नियमामुळे पुन्हा पाहावे लागले. फोंड्याच्या एका मुद्रकाकडे आता मोजक्या प्रतींच्या डिजिटल छपाईची चौकशी केली आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची आंतरराष्ट्रीय ओळख असलेला क्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यामुळे त्यासाठी कोणा मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. छापील आवृत्तीला आणि ई-आवृत्तीला वेगवेगळा क्रमांक लागतो, हे अर्ज करताना ध्यानात ठेवावे.

आजच्या घडीला मी या अनुभवाला पाचपैकी साडेतीन तारे देईन. दीड तारा त्या मदतकेंद्राचा कापला आहे आणि तो परत देण्याचा माझा विचार नाही. सर्व पुस्तकांचे मिळून जे मानधन खात्यात जमले, त्यातून घरचा इंटरनेटचा खर्च भागून थोडे उरते. ती शिल्लक पुढच्या कादंबरीच्या वेळी चांगल्या मुद्रितशोधकाला द्यायची असे मी ठरवले आहे, आणि त्याने पुस्तक संगणकावर न वाचता विकत घेऊन साध्या फोनवर वाचावे, अशी माझी अट राहील. मुखपृष्ठाला मात्र याही वेळी फेरीबोटच पुरेल.