घरून गेम सर्व्हर चालवायचाय: पोर्ट फॉरवर्डिंग, टेलस्केल, टनेल की भाड्याची मशीन?

पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणारं कनेक्शन राउटरमधून सर्व्हरच्या कॉम्प्युटरकडे वळवणं, जमत नाही म्हणून राउटर रीसेट करत बसलेल्यांनी आधी एक गोष्ट बघावी. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीकडून राउटरला मिळालेला पत्ता, दिसतो. ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी’ शोधल्यावर जो पत्ता येतो, त्याच्याशी तो जुळतो का? जुळत असेल तरच पुढच्या खटपटीला अर्थ आहे.

वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. कंपनीने एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांत वाटला आहे आणि बाहेरून येणारं कनेक्शन तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचा जागतिक साठा २०११ मध्ये संपला, आणि पुढच्याच वर्षी हा पट्टा खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. पत्ता १० ने सुरू होत असेल तरी बहुतेक हीच कथा. गच्चीवरच्या स्विचमधून इमारतीला लाइन देणारे स्थानिक केबलवाले असे पत्ते देतात. १९२.१६८ दिसला तर मात्र आशा ठेवा. बहुधा कंपनीचा फायबरचा डबाच राउटरचं काम करतोय आणि त्याच्यामागे तुम्ही आपला दुसरा राउटर लावलाय. डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून फक्त लाइन पुढे देईल, नाहीतर दोन्हीकडे पोर्ट उघडा. त्याआधी डब्याचा स्वतःचा वॅन आयपीही तपासा.

पोर्ट फॉरवर्डिंग

सार्वजनिक आयपी असेल तर हा उत्तम मार्ग आहे. मधे कुणी नाही, लॅग कमीत कमी, आणि मित्रांना काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. चालत नसेल तर आतून बाहेर तपासत जा. आधी त्याच कॉम्प्युटरवर ‘लोकलहोस्ट’ टाकून जोडून बघा. मग घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून १९२.१६८ वाला पत्ता टाका. शेवटी लॅपटॉपचं वायफाय बंद करून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून सार्वजनिक पत्ता वापरा.

पहिली पायरी जमली आणि दुसरीवर अडलं, तर दोष राउटरचा नाही, फायरवॉलचा आहे. सर्व्हर पहिल्यांदा सुरू करताना विंडोज परवानगी विचारतं. तिथे घाईत ‘कॅन्सल’ दाबलं की जावाला (माइनक्राफ्टचा सर्व्हर ज्यावर चालतो तो प्रोग्राम) अडवणारा नियमच तयार होतो. तो फायरवॉलच्या इनबाउंड नियमांत जाऊन काढावा लागतो. लॅपटॉप गेस्ट वायफायवर असेल तरी दुसरी पायरी फसते.

तिसरीवर अडलं तर राउटरचा नियम बघा. माइनक्राफ्ट जावाला टीसीपी २५५६५ लागतं, बेडरॉकला यूडीपी १९१३२, व्हॅल्हाइमला यूडीपी २४५६ आणि २४५७. टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत, त्यांची अदलाबदल ही फार नेहमीची चूक आहे. बेडरॉकवाल्यांनी पोर्ट तपासणाऱ्या वेबसाइटवर विसंबू नये, कारण त्या बहुतेक फक्त टीसीपी तपासतात. सर्व्हर बंद असेल तर जावाचं पोर्टही तिथे बंदच दिसणार. काल चाललं आणि आज नाही, असं झालं तर कॉम्प्युटरचा घरातला आयपी बदललाय का बघा. राउटरमध्ये तो पत्ता त्या मशीनसाठी राखून ठेवा. आणि घरात बसून सार्वजनिक पत्ता टाकल्यावर जोडलं नाही, म्हणजे नियम चुकलाच असं नाही. घरातूनच आपल्या सार्वजनिक पत्त्यावर जोडायची सोय काही राउटरमध्ये नसतेच.

उघडं पोर्ट मित्रांइतकंच अनोळखी लोकांनाही दिसतं, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. व्हाइटलिस्ट (फक्त यादीतल्या खेळाडूंनाच प्रवेश) चालू ठेवा, ऑनलाइन मोड (खेळाडूचं खातं खरं आहे का ते तपासणारी सेटिंग) बंद करू नका, जुनी आवृत्ती वापरू नका. डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेल्या लॉग४शेल नावाच्या सुरक्षेच्या त्रुटीत चॅटमधल्या एका ओळीने माइनक्राफ्टचा सर्व्हर ताब्यात घेता येत होता. ज्या कॉम्प्युटरवर घरच्यांची बँकेची कामं होतात, त्यावर सर्व्हर चालवणं मला मान्य नाही.

सीजीनॅट असेल तर

आधी कंपनीला फोन करून सार्वजनिक आयपी मागा. काही देतात, काही महिन्याला जादा पैसे घेतात, काही फक्त ऑफिसच्या प्लॅनवर देतात. बदलता आयपी मिळाला तरी चालतो, बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव देणारी डायनॅमिक डीएनएस सेवा त्यासाठीच आहे. आयपीव्ही६ हे नव्या पद्धतीचे पत्ते असतील तर नॅटचा, म्हणजे एक पत्ता अनेकांत वाटण्याचा, प्रश्नच उरत नाही, राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट मोकळी केली की झालं. पण मित्राकडेही आयपीव्ही६ हवं, आणि कंपनीच्या काही राउटरमध्ये ती वाट उघडायची सोयच नसते.

चार-सहा ओळखीची मंडळी खेळणार असतील, एक दादरला, एक डोंबिवलीला, एखादा पुण्यात, तर माझी शिफारस टेलस्केल किंवा झीरोटियर. ही व्हीपीएन ॲप्स सगळ्यांच्या मशीन एका खासगी नेटवर्कमध्ये जोडतात. राउटरला हात लावायचा नाही, जगासमोर पोर्ट उघडायचं नाही. थेट जोडणी जमली तर वेगही उत्तम. अडचण एवढीच की प्रत्येक खेळाडूला ॲप टाकावं लागतं. मोबाइलवर ते चालतं, गेमिंग कन्सोलवर नाही. टेलस्केल जो पत्ता देतं तोही १०० नेच सुरू होतो. त्याला सीजीनॅट समजून घाबरू नका.

प्लेइटसारख्या टनेलमध्ये, म्हणजे तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या सर्व्हरमार्फत जगाला दिसतो तेव्हा, मित्रांना काही टाकावं लागत नाही, पत्ता दिला की खेळ सुरू. पण सगळी रहदारी त्यांच्या सर्व्हरमधून वळून येते. तो सिंगापूरला असेल तर मुंबईतल्याच दोघांचा डेटा समुद्रापार जाऊन परत येतो. बांधकामाच्या खेळात ते सोसतं, मारामारीच्या खेळात ब्लॉक ठेवेपर्यंत समोरचा मारून मोकळा होतो. शाळेतल्या मुलांचा गट असेल तर मी तरी हाच मार्ग आधी दाखवीन, कारण प्रत्येकाच्या आईबाबांच्या लॅपटॉपवर व्हीपीएन टाकायला लावणं बरं नाही.

भाड्याची मशीन

सर्व्हर चोवीस तास हवा असेल किंवा अनोळखी लोकही येणार असतील, तर घरून चालवूच नका. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत क्लाउड सुरू केला, आता इतरही कंपन्यांची केंद्रं इथे आहेत. सार्वजनिक आयपी मिळतो, पावसात गच्चीवरची केबल तुटली तरी खेळ चालू राहतो. मॉड नसलेल्या छोट्या माइनक्राफ्ट सर्व्हरला ४ जीबी रॅम पुरते. तिथेही कंपनीच्या पॅनलमधल्या फायरवॉलमध्ये पोर्ट उघडावंच लागतं, अनेकजण तिथे पुन्हा अडतात. घरची साठ वॅटची मशीन महिनाभर चालू ठेवली तर साधारण ४३ युनिट जातात. भाड्याशी तुलना करताना तेवढे वीजबिलात धरा.

आज टेलस्केलने सुरुवात करून पुढे भाड्याच्या मशीनवर जायचं झालं, तर सर्व्हर बंद करून ‘वर्ल्ड’ फोल्डर तिकडे कॉपी करा. दोन्हीकडे गेमची आवृत्ती एकच ठेवा.