एकवीस वर्षांचे खाते: निष्ठा की नुसता मुक्काम?

सदाशिव पेठेतील ज्या शाखेत माझे बचत खाते एकवीस वर्षे आहे, तिच्या सेवेला मी पाचपैकी अडीच गुण देईन. तरीही खाते बंद करण्याचा अर्ज दोनदा भरून मी कपाटातच ठेवला आहे. पासबुक छापण्याचे यंत्र महिन्यातील निम्मे दिवस बंद असते, आणि गेल्या वर्षी केवायसीची कागदपत्रे दोनदा देऊनही खाते आठवडाभर गोठवलेले होते.

ऑक्टोबर २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचा व्याजदर ठरविण्याची मोकळीक बँकांना दिली, त्यामुळे अधिक व्याज देणारी बँक शोधणे अवघड नाही. परंतु विजेचे बिल, विम्याचा हप्ता, एसआयपी (म्युच्युअल फंडातील ठरावीक हप्त्याची गुंतवणूक) आणि गॅसचे अनुदान असे सारे त्या एकाच क्रमांकाला बांधलेले आहे. मोबाइलचा क्रमांक २०११ पासून कंपनी बदलूनही देशभर कायम ठेवता येतो, तशी सोय खातेक्रमांकाला नाही. शिवाय लॉकर सोडला, तर दुसरा मिळेपर्यंत आईच्या पाटल्या ठेवायच्या कोठे?

खिडकीवरच्या बाई मात्र मला नावाने ओळखतात. वडील गेल्यानंतर वारसाचे अर्ज त्यांनी जेवणाच्या सुटीत शेजारी बसून, चुकलेल्या सह्या पुन्हा करून घेत पूर्ण केले होते. ते ऋण त्यांचे आहे, बँकेचे नव्हे, असेच मी मानतो. येत्या जूनमध्ये त्या निवृत्त होत आहेत.